फाइलचे आडनाव आणि दस्तऐवजाचे भवितव्य

गोदावरीच्या काठी रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूस तेथील तीर्थोपाध्याय प्रथम दोन गोष्टी विचारतात : आडनाव कोणते आणि मूळ गाव कोणते. या दोन उत्तरांवरून त्या कुटुंबाची नामावळी कोणत्या उपाध्यायांच्या घरी आहे हे निश्चित होते. योग्य घरी पोहोचल्यावर वही उघडली जाते आणि तीत आजोबा-पणजोबांच्या नावाची, कधी त्यांच्या हातची, नोंद सापडते. नाशिक व त्र्यंबकेश्वर येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या व्यवस्थेचा आधार साधा आहे. वहीची ओळख बाहेरून पटली पाहिजे, त्या ओळखीवरून ती उघडणारे घर ठरले पाहिजे आणि त्या घरात ती वाचू शकणारा मनुष्य असला पाहिजे. पुष्कळ जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत. घर सापडले, वही मिळाली, परंतु मोडी जाणणारा कोणी नसला, तर ती वही मुकीच राहते.

संगणकात साठविलेल्या दस्तऐवजासही हाच न्याय लागू पडतो. आज ग्रामपंचायतीचा ठराव, शाळेची पटनोंद, तहसील कार्यालयातील पत्रव्यवहार आणि शेतकऱ्याची फवारणीची नोंद या सर्व गोष्टी फाइलींच्या रूपाने साठविल्या जातात. फाइलच्या नावावर माऊसने दोनदा टिचकी मारली की ती योग्य त्या आज्ञावलीत उघडते. हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यामागील व्यवस्थेचा विचार सहसा कोणी करीत नाही. फाइल उघडेनाशी झाली, अथवा भलत्याच आज्ञावलीत उघडून तिच्यातील मजकूर बिघडला, म्हणजे मात्र या व्यवस्थेची आठवण होते. म्हणून ती व्यवस्था काय आहे, आज्ञावली तयार करणाऱ्याची तीत कोणती जबाबदारी असते आणि ती वापरणाऱ्या कार्यालयांनी कोणती दक्षता घ्यावी, याचा परिचय करून घेणे उपयुक्त ठरेल.

विस्तारनामाचा उगम

संगणकातील फाइलच्या नावाचे बहुधा दोन भाग असतात. पहिला भाग वापरणारा आपल्या सोयीने ठेवतो. उदाहरणार्थ, ‘ग्रामसभा ठराव’. त्यानंतर एक टिंब येते व टिंबानंतर डॉक, पीडीएफ, जेपीजी यांसारखी काही अक्षरे येतात. या अक्षरांस इंग्रजीत एक्स्टेंशन म्हणतात. मराठीत त्यांस विस्तारनाम म्हणता येईल. मनुष्याच्या नावापुढे आडनाव यावे तसे ते असते. फाइल कोणत्या कुळातील आहे हे त्यावरून कळते.

ही पद्धत पडद्यावरील चित्रांच्या संगणकाहून जुनी आहे. १९७४ साली गॅरी किल्डाल यांनी तयार केलेल्या सीपी-एम या परिचालन प्रणालीत, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीत, नावासाठी आठ व विस्तारनामासाठी तीन अक्षरे राखून ठेवलेली होती. १९८१ साली आलेल्या एमएस-डॉसने हाच नियम उचलला. विंडोज ९५ या प्रणालीपासून लांब नावे ठेवण्याची मुभा मिळाली आणि तीन अक्षरांचे बंधन सैल झाले. सवय मात्र बहुतांशी टिकून राहिली.

१९८४ साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाने निराळा मार्ग धरला होता. त्यात प्रत्येक फाइलसोबत चार-चार अक्षरांच्या दोन खुणा नावापासून अलग अशा साठविल्या जात. एक खूण फाइलचा प्रकार सांगे आणि दुसरी ती फाइल निर्माण करणारी आज्ञावली सांगे. ही योजना नीटनेटकी होती. परंतु फाइल दुसऱ्या प्रकारच्या संगणकावर गेली की या खुणा मागे राहत व फाइल अनोळखी ठरे. विस्तारनाम हे नावाचाच भाग असल्यामुळे फाइल जिथे जाईल तिथे तिच्याबरोबर जाते. या एका व्यावहारिक गुणामुळे ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

महाराष्ट्राच्या महसूल कारभारास ही कल्पना परकी नाही. सातबारा हा शब्दच मुळी दोन नमुन्यांच्या क्रमांकांवरून आला आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. फेरफाराची नोंद नमुना सहामध्ये होते. खातेदाराची एकत्रित नोंद आठ-अ मध्ये मिळते. नमुन्याचा क्रमांक ऐकताच त्यात कोणते रकाने असतील व तो कोणत्या नियमाने वाचावयाचा हे जाणकारास कळते. विस्तारनाम संगणकास हेच सांगते.

संगणक नाते कसे जुळवितो

फाइल व आज्ञावली यांचे नाते परिचालन प्रणाली एका यादीत नोंदवून ठेवते. विंडोज प्रणालीत रजिस्ट्री नावाची मध्यवर्ती नोंदवही असते. तीत हे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या नोंदीत विस्तारनामापुढे दस्तऐवजाच्या प्रकाराचे एक अंतर्गत नाव लिहिलेले असते. दुसऱ्या नोंदीत त्या प्रकाराची सविस्तर माहिती असते : तो प्रकार वापरणाऱ्यास कोणत्या शब्दांत दाखवावा, त्याचे चिन्ह कोणते, आणि तो उघडण्यासाठी कोणती आज्ञावली चालू करावी. उघडण्याच्या आज्ञेत आज्ञावलीच्या मार्गापुढे एक रिकामी जागा खुणेने दर्शविलेली असते. टिचकी मारल्यावर त्या जागी निवडलेल्या फाइलचा पूर्ण मार्ग भरला जातो आणि आज्ञावलीस सांगितले जाते, की ही फाइल घेऊन उघड.

दोन टप्पे ठेवण्यामागे कारण आहे. एकाच प्रकारच्या दस्तऐवजास दोन विस्तारनामे असू शकतात. छायाचित्रांच्या बाबतीत जेपीजी व जेपीईजी अशी दोन्ही नावे चालतात. दोन्ही नावांचा निर्देश एकाच प्रकाराकडे केला की सविस्तर माहिती पुन्हा लिहावी लागत नाही.

लिनक्स कुळातील प्रणालींत दस्तऐवजांचे प्रकार एका सामाईक सूचीत नोंदविलेले असतात. त्या सूचीत विस्तारनामाबरोबर फाइलच्या आरंभीच्या अक्षरांची खूणही देता येते. प्रत्येक आज्ञावली आपल्या परिचयपत्रकात आपण कोणते प्रकार उघडू शकतो हे जाहीर करते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ पासून उपलब्ध केलेली बॉस ही भारतीय परिचालन प्रणाली याच कुळातील आहे. मॅक प्रणालीत असे परिचयपत्रक आज्ञावलीच्या पेटाऱ्यातच ठेवलेले असते. तपशील निराळे असले तरी तत्त्व एकच आहे. आज्ञावलीने आपली योग्यता जाहीर करावयाची, प्रणालीने ती नोंदवावयाची आणि अंतिम निवड वापरणाऱ्याने करावयाची.

अंतिम निवडीचा हा हक्क अनुभवातून आलेला आहे. पूर्वी नवी आज्ञावली बसविताच ती परिचित विस्तारनामांवर परस्पर आपला ताबा सांगत असे. कालपर्यंत एका आज्ञावलीत उघडणारी छायाचित्रे आज दुसरीतच उघडू लागत. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून अशा परस्पर बदलास आळा घालण्यात आला. वापरणाऱ्याने स्वतः केलेली निवड संरक्षित स्वरूपात साठविली जाते व कोणत्याही आज्ञावलीने ती गुपचूप बदलू नये अशी योजना असते.

द्राक्षबागेच्या नोंदवहीचे उदाहरण

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे आणावयाचे, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी हे तालुके निर्यातक्षम द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहेत. युरोपीय देशांत द्राक्षे पाठवावयाची तर बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी व औषधांच्या अंशाची तपासणी आवश्यक असते. यासाठी अपेडा या केंद्रीय संस्थेची ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था २००६ पासून सुरू झाली. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांच्या खेपा अडकल्या व बागायतदारांस मोठी झळ पोहोचली. अशा वेळी कोणत्या दिवशी, कोणते औषध, किती मात्रेत फवारले याची नोंद हाच शेतकऱ्याचा आधार असतो.

एखाद्या द्राक्ष उत्पादक गटाने अशी नोंदवही आपल्या संगणकावर ठेवण्यासाठी ‘बागनोंद’ नावाची छोटी आज्ञावली तयार करवून घेतली, असे समजावे. प्रत्येक बागेची एका हंगामाची नोंद म्हणजे एक फाइल. ही आज्ञावली तयार करणाऱ्यास काही निर्णय विचारपूर्वक घ्यावे लागतील.

पहिला निर्णय विस्तारनामाचा. तीन अक्षरांच्या नावांवर जगभरातील असंख्य आज्ञावल्यांनी हक्क सांगितलेला असल्यामुळे टक्कर होण्याचा संभव मोठा असतो. आता तीन अक्षरांचे बंधन नसल्याने ‘बागनोंद’ हेच पूर्ण नाव रोमन लिपीत विस्तारनाम म्हणून घेणे इष्ट. ते दुर्मिळ असेल व वाचताक्षणी अर्थही कळेल. डॉक किंवा पीडीएफ यांसारखे प्रस्थापित नाव आपल्या निराळ्या रचनेच्या फाइलीस देणे सर्वथा अयोग्य होय. तसे केल्यास फाइल दुसऱ्याच आज्ञावलीच्या दारी जाईल आणि ‘फाइल नादुरुस्त आहे’ असे चुकीचे उत्तर शेतकऱ्यास मिळेल.

दुसरा निर्णय नोंदणीचा. आज्ञावली संगणकावर बसविताना वर वर्णिलेल्या दोन्ही नोंदी कराव्या लागतात. संगणक एकाच्या वापरातील असेल किंवा सर्वांसाठी नोंद करण्याचा अधिकार नसेल, तर ती त्या वापरणाऱ्यापुरती करता येते. नोंद झाल्यावर प्रणालीस तशी सूचना द्यावी लागते. अन्यथा नवे चिन्ह व नवे नाते लगेच दिसत नाही. आज्ञावली काढून टाकताना आपण केलेल्या नोंदीही काढून टाकणे हे सभ्यपणाचे लक्षण आहे. तसे न केल्यास विस्तारनाम अस्तित्वात नसलेल्या घराकडे बोट दाखवीत राहते.

तिसरी बाब फाइलच्या मार्गाची. उघडण्याच्या आज्ञेत फाइलच्या मार्गासाठी राखलेली जागा अवतरणचिन्हांत ठेवावी लागते. हे लहानसे चिन्ह विसरण्याची चूक अनेकदा घडते. ‘निफाड थोरली बाग’ अशा नावात शब्दांमध्ये मोकळी जागा असते. अवतरणचिन्हे नसली तर संगणक त्या नावाचे तीन तुकडे करून तीन निरनिराळ्या फाइली शोधू लागतो आणि एकही सापडत नाही. ज्याने चाचणीसाठी एकाच शब्दाचे नाव घेतले, त्यास हा दोष दिसतच नाही. तो प्रथम दिसतो शेतकऱ्यास. देवनागरीत लिहिलेली नावे व लांब मार्ग यांचीही चाचणी याच कारणासाठी करून पाहावयास हवी.

चौथी बाब आज्ञावलीच्या वर्तनाची. नोंदणी झाली तरी आज्ञावलीने सुरू होताच, आपणाकडे फाइलचा मार्ग सोपविला आहे काय, हे पाहिले पाहिजे. पुष्कळदा टिचकी मारल्यावर आज्ञावली उघडते परंतु कोरीच उघडते. याचे कारण नोंदणीत नसून या दुर्लक्षात असते. आज्ञावली आधीच चालू असताना दुसऱ्या फाइलीवर टिचकी मारली तर काय व्हावे, हेही ठरविले पाहिजे. त्याचप्रमाणे फाइल साठविताना वापरणाऱ्याने विस्तारनाम लिहिले नसेल तर आज्ञावलीने ते स्वतः जोडावे व लिहिले असेल तर पुन्हा जोडू नये.

नाव निराळे, आशय निराळा

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. फाइलचे विस्तारनाम बदलल्याने तिचा प्रकार बदलत नाही. एखाद्या कार्यालयाने पीडीएफ स्वरूपात माहिती मागविली, म्हणून डॉक हे विस्तारनाम पुसून तेथे पीडीएफ लिहिले, तर दस्तऐवज पूर्वीचाच राहतो. केवळ पाटी बदलते. पीडीएफ उघडणारी आज्ञावली आत डोकावून पाहते आणि फाइल नाकारते.

ती आत काय पाहते? बहुतेक प्रमाणित प्रकारांत फाइलच्या आरंभीच ओळखीची खूण असते. पीडीएफ फाइलचा आरंभ टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे पी-डी-एफ या अक्षरांनी होतो. झिप या गठ्ठा बांधण्याच्या प्रकाराचा आरंभ पी व के या अक्षरांनी होतो. ती त्याचे निर्माते फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे होत. विस्तारनाम हे दारावरील पाटीसारखे असून ही खूण घरातील माणसाच्या चेहऱ्यासारखी आहे. पाटीवरून घर शोधावे, परंतु ओळख चेहऱ्यावरून पटवावी. म्हणून ‘बागनोंद’सारख्या आज्ञावलीने आपल्या फाइलच्या आरंभी स्वतःची खूण व रचनेचा आवृत्ती-क्रमांक लिहिला पाहिजे आणि उघडताना प्रथम तो तपासला पाहिजे. पुढे रचनेत बदल झाला तरी आवृत्ती-क्रमांकावरून जुनी फाइल जुन्या नियमाने वाचता येते.

नाव व आशय यांतील हा भेद डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यात स्पष्ट दिसतो. २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पीडीएफ स्वरूपात मिळू लागला. त्या फाइलचे नाव शेतकऱ्याने आपल्या सोयीने बदलले तरी स्वाक्षरीस बाध येत नाही, कारण स्वाक्षरी आशयावर केलेली असते. मात्र आतील एक आकडा बदलला तरी पडताळणीत तो बदल उघड होतो.

चुकीच्या घरी उघडलेली यादी

दस्तऐवज उघडला म्हणजे तो योग्य रीतीने उघडला, असे नेहमीच नसते. लाभार्थ्यांच्या याद्या अनेकदा सीएसव्ही स्वरूपात देवाणघेवाण केल्या जातात. ही साध्या मजकुराची फाइल असते व तीत स्वल्पविरामांनी रकाने पाडलेले असतात. बहुतेक संगणकांवर तिचे नाते स्प्रेडशीट आज्ञावलीशी जुळलेले असते. टिचकी मारताच यादी रकान्यांत मांडलेली दिसते व काम सोपे झाल्यासारखे वाटते.

परंतु स्प्रेडशीट आज्ञावली आकड्यांच्या रांगेस संख्या समजते. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर संख्येच्या नियमाप्रमाणे आरंभीचे शून्य गळून पडते. प्रचलित स्प्रेडशीट आज्ञावली संख्येतील पहिले पंधरा अंकच नेमके जपतात. खाते क्रमांक सोळा अंकांचा असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. बारा अंकी ओळख क्रमांक दशांश व घातांकाच्या रूपात दिसू लागतो. अशी फाइल नुसती पाहून बंद केली तर हानी होत नाही. ती पुन्हा साठविली की मूळ क्रमांक कायमचे नाहीसे होतात. एखाद्या विधवेचे अनुदान अथवा विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती खात्यात जमा न होण्यामागे इतके साधे कारण असू शकते. अशी फाइल टिचकीने न उघडता स्प्रेडशीटमधील आयात करण्याच्या सोयीने घ्यावी व क्रमांकांचे रकाने मजकूर म्हणून घोषित करावेत. मूळ प्रत अलग ठेवावी, हे सांगणे नलगे.

लपविलेले आडनाव

विस्तारनामाच्या अज्ञानाचा गैरफायदाही घेतला जातो. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ या नावाने ओळखला जाणारा विषाणू ईमेलद्वारे अल्पावधीत जगभर पसरला. त्याच्या सोबतच्या फाइलच्या नावात प्रथम टीएक्सटी व त्यानंतर व्हीबीएस अशी दोन विस्तारनामे होती. विंडोज प्रणाली परिचित विस्तारनामे पडद्यावर न दाखविण्याच्या बेतात बसविलेली असते. त्यामुळे शेवटचे व खरे विस्तारनाम लपले, आणि अनेकांस ती साधी मजकुराची फाइल वाटली. वस्तुतः व्हीबीएस ही संगणकास आज्ञा देणारी फाइल होती. टिचकी मारताच ती चालू झाली.

ही युक्ती आजही वापरली जाते. देयक, नोटीस किंवा शासकीय परिपत्रक अशी नावे देऊन, पीडीएफ या अक्षरांनंतर ईएक्सई हे खरे विस्तारनाम दडविलेल्या फाइली पाठविल्या जातात. भ्रमणध्वनीवर एपीके हे विस्तारनाम असलेली फाइल म्हणजे बसवावयाची आज्ञावली असते. लग्नपत्रिका अथवा सूचनापत्र त्या रूपात येण्याचे काही कारण नाही. कार्यालयातील प्रत्येक संगणकावर विस्तारनामे दिसतील अशी व्यवस्था करून घेणे हा पहिला व बिनखर्ची उपाय आहे.

मोडीचा धडा

विस्तारनाम ओळखीचे असूनही मजकूर न वाचता येण्याचा अनुभव मराठी कार्यालयांस नवा नाही. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटच्या आधारे लिहिला जाई. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे आकार बसविलेले असत, आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी असे. अशी फाइल डॉक या विस्तारनामामुळे आजही योग्य आज्ञावलीत उघडते. परंतु तो विशिष्ट फाँट संगणकावर नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक घोळका दिसतो. वही सापडली आणि मोडी जाणणारा नाही, अशीच ही अवस्था.

यावरील उपाय मानकांच्या रूपाने उपलब्ध आहेत. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस स्थान मिळाले. २००९ साली केंद्र शासनाने ई-प्रशासनातील भारतीय भाषांच्या मजकुरासाठी युनिकोड हे मानक अधिसूचित केले व नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण जाहीर केले. दस्तऐवजांच्या रचनेबाबत पाहता, दीर्घकाळ जतन करावयाच्या दस्तऐवजांसाठी पीडीएफ-ए हा प्रकार २००५ साली आणि ओडीएफ हा मुक्त प्रकार २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. पीडीएफ-ए मध्ये लागणारे फाँट फाइलच्या आतच समाविष्ट करावे लागतात. त्यामुळे पुढील काळात तो फाँट कोठे मिळेल ही विवंचना उरत नाही.

या अनुभवातून आज्ञावली तयार करणाऱ्यांनीही बोध घेतला पाहिजे. आज्ञावली अल्पायुषी असते. दस्तऐवजास दीर्घायुष्य लागते. ‘बागनोंद’ तयार करणारा तरुण उद्या दुसऱ्या उद्योगात जाईल, संगणक बदलेल, विस्तारनामाचे नाते नव्या संगणकावर कोणी जुळविणार नाही. त्या दिवशी फाइलचे काय होईल, याचे उत्तर पहिल्याच दिवशी शोधावयास हवे. फाइलची रचना युनिकोडमधील साध्या मजकुरावर आधारून ती झिप या सर्वमान्य गठ्ठ्यात बांधली, तर आज्ञावली नाहीशी झाल्यावरही मार्ग उरतो. फाइलची एक प्रत काढून तिचे विस्तारनाम झिप असे करावे, गठ्ठा सोडावा आणि आतील नोंदी कोणत्याही संगणकावर वाचाव्यात. येथे विस्तारनाम बदलणे उपयोगी पडते, कारण आतील रचना मुळातच झिपची असते. ओडीएफ व २००७ पासूनचा डॉक्स हे दोन्ही प्रकार याच रीतीने बांधलेले आहेत.

कार्यालये व शाळांसाठी

ग्रामपंचायत अथवा संस्था आज्ञावली विकत घेते, तेव्हा दर आणि पडद्यावरील रूप पाहिले जाते. त्याबरोबर चार प्रश्न लेखी विचारावेत. दस्तऐवज कोणत्या विस्तारनामाने व कोणत्या रचनेत साठविले जातात? ती रचना प्रसिद्ध केलेली आहे काय? सर्व नोंदी मुक्त स्वरूपात एकगठ्ठा बाहेर काढता येतात काय? कंत्राट संपल्यावर त्या वाचण्याची सोय कोणती? करआकारणीचा नमुना ८ एखाद्या बंद पडलेल्या आज्ञावलीत अडकला, तर त्याची हानी आज्ञावली विकणाऱ्यास नव्हे, गावास सोसावी लागते.

शिक्षकांस हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. एका साध्या मजकुराच्या फाइलचे विस्तारनाम बदलून ती उघडत नाही हे दाखवावे, मग पूर्वीचे नाव देऊन ती जशीच्या तशी उघडते हेही दाखवावे. पाटी व आशय यांतील भेद विद्यार्थ्यांस पुस्तकी व्याख्येपेक्षा या प्रयोगाने लवकर कळेल.

प्रत्येक कार्यालयाने वर्षातून एक दिवस यासाठी राखून ठेवणे फारसे कठीण नाही. त्या दिवशी संगणकातील सर्वांत जुन्या दहा फाइली काढून उघडून पाहाव्यात. ज्या उघडतील व वाचता येतील, त्यांच्याविषयी निश्चिंत राहावे. ज्या उघडणार नाहीत, त्यांची यादी करावी. त्या वाचू शकणारी आज्ञावली, फाँट किंवा मनुष्य अद्याप उपलब्ध आहे तोवरच त्या युनिकोड व मुक्त स्वरूपात उतरवून घ्याव्यात. मोडी वाचणारे गावोगाव होते, तेव्हा मोडीतील कागद देवनागरीत उतरवून ठेवणे सोपे होते. ज्यांनी ते त्या वेळी केले, त्यांच्या वारसांस आज जाणकाराच्या शोधात हिंडावे लागत नाही.